नुसत्या रॉडची लाज

व्यायामातून चिकाटी येते म्हणतात, ते पटलं. पण मला आधी माघार घेणं शिकावं लागलं. मे महिना, नागपुरात पारा ४५ च्या आसपास, रात्रभर कूलरपुढेही धड झोप नाही. तरी हट्टानं जिममध्ये ८० किलोची डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचं वजन धरून सरळ उभं राहणं, मारली अन् कंबर धरली. पंधरा दिवस घरीच. परतलो ते वजनाच्या चकत्या न लावलेल्या, २० किलोच्या नुसत्या रॉडवर. शेजारी कॉलेजची पोरं बघत होती, लाज वाटली बाप्पा! खरं तर एवढ्या खंडानं ताकद फारशी जात नाही; स्नायूही भरतात ते उचलताना नाही, नंतरच्या विश्रांतीत. महिन्याभरात जुनं वजन उचलू लागलो. जिममध्ये माघार घेणं जमलं; ऑफिसात मात्र 'चुकलं माझं' म्हणताना अजून जीभ जड होते.