इलेक्ट्रिक डर्ट बाईक: मागची स्प्रिंग ४०० ची घ्यावी की ५०० ची?

मुलुंडचा_मातीवाला
बाईक ५७ किलो, मी हेल्मेट-बूट चढवून ९१. मागचा ट्रॅव्हल (चाक वर-खाली किती हलतं ते) २०० मिमी, शॉकचा स्ट्रोक (शॉक किती दबतो ते) ७५. स्प्रिंगवर ३०० पाउंड (प्रति इंच, म्हणजे तिचा कडकपणा) लिहिलंय. प्रीलोडची (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी) रिंग १५-१६ मिमी आवळली तेव्हा कुठे मी बसल्यावर सॅग (वजनाने मागची बाजू दबते तो) ६५ आला. तरीही कर्जतकडच्या दगडी उतारांवर शॉक ठक्कन तळाला लागतो, आणि ब्रेक मारला की मागचं चाक उड्या मारतं. कॉम्प्रेशन (शॉक दबताना होणारा अडसर) वाढवून भागेल का?

भांडुप_गॅरेज
नाही भागणार. कॉम्प्रेशनचे क्लिक हालचालीचा वेग अडवतात, वजन पेलते ती स्प्रिंगच. ६५ चा आकडा बरोबर आहे, पण अर्धाच आहे. तुम्ही न बसता बाईक स्वतःच्या वजनाने किती दबते ते बघा. चाक अधांतरी असताना एक्सलपासून मडगार्डवरच्या खुणेपर्यंत मोजा, मग चाक जमिनीवर टेकवून परत मोजा. एकदा बाईक दाबून सोडा, एकदा उचलून सोडा आणि सरासरी घ्या, नाहीतर सीलच्या घर्षणामुळे ५-७ मिमीचा घोळ होतो.

मुलुंडचा_मातीवाला
मोजलं. शून्य.

भांडुप_गॅरेज
मग स्प्रिंग मऊच आहे. प्रीलोडने मागची बाजू उंच होते, स्प्रिंग कडक होत नाही. ब्रेक मारल्यावर मागचा भार पुढे जातो, शॉक पूर्ण उघडतो आणि खड्ड्यात उतरायला चाकाला वावच राहत नाही. त्या उड्या त्याच्याच.

वेढे_आणि_तार
दादा, अंदाजाने घेऊ नका, हिशोब सोपा आहे. मागच्या चाकाखाली वजनकाटा आणि पुढच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची फळी ठेवा. आधी रिकामी बाईक, मग सगळं चढवून तुम्ही. दोन्हींतला फरक हा मागच्या चाकावर येणारा तुमचा भार. समजा तो ६० किलो, म्हणजे ५८९ न्यूटन निघाला. बसल्यावर सॅग ६५ आणि रिकामा १२ हवा, तर हा भार ५३ मिमीत पेलायचाय: चाकाशी ११.१ न्यूटन प्रति मिमी. २०० भागिले ७५ म्हणजे लिव्हरेज (शॉक १ मिमी दबताना चाक किती हलतं ते) २.६७, त्याचा वर्ग ७.१. गुणाकार ७९, आणि पाउंडात आणायला गुणिले ५.७१: साधारण ४५०. प्रीलोड मग २ मिमीच पुरेल. लिंकेज (चाक आणि शॉक जोडणारे दांडे) प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दबत जाताना कडक होणारं असेल तर सुरुवातीचं लिव्हरेज सरासरीपेक्षा जास्त असतं, म्हणून दोन साइजच्या मध्ये अडकलात तर वरची घ्या. काट्यावर ६० ऐवजी दुसरा आकडा आला तर तोच धरा.

कुर्ला_लाईन
कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर स्प्रिंग शोधणार असाल तर जुनी सोबत न्या, व्हर्नियरही. आतला व्यास आणि मोकळी लांबी जुळली म्हणून घेऊ नका. तारेची जाडी गुणिले वेढे म्हणजे पूर्ण दबलेली लांबी. मोकळ्या लांबीतून ती वजा करून किमान ८० मिमी उरायला हवेत: ७५ स्ट्रोक, २ प्रीलोड, ३ सुटीचे. कमी उरले तर वेढे एकमेकांवर आपटतात आणि स्प्रिंग ज्यावर टेकते ती खालची सीट तुटते.

भांडुप_गॅरेज
नवी बसवल्यावर रिबाउंड (शॉक परत उघडण्याचा वेग) २ क्लिक हळू करा, कडक स्प्रिंग जोरात परत फेकते. फोर्कचा (पुढच्या शॉकचा) सॅगही ट्रॅव्हलच्या पाव भागाच्या आसपास आहे ना बघा, नाहीतर उतारावर पुढची बाजू नांगी टाकेल. आणि शॉकच्या दांड्यावर ओ-रिंग सरकवून ठेवा: सगळ्यात मोठ्या उडीला ती जेमतेम शेवटाला पोचली तर स्प्रिंगचा रेट (कडकपणा) बरोबर आहे. मोठी बॅटरी टाकलीत तर सॅग पुन्हा मोजा.