तह, करार आणि सिनेटची ‘संमती’

अमेरिकेतल्या एका बातमीचं भाषांतर करताना अडले आहे. एका वाक्यात ‘ट्रीटी’ आहे, पुढच्याच वाक्यात ‘एक्झिक्युटिव्ह अ‍ॅग्रीमेंट’. दोन्हींना करार म्हटलं तर असं होतं: ‘हा करार नसून करार असल्याने सिनेटची (अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाची) मंजुरी लागत नाही.’ पहिल्यासाठी ‘तह’ वापरू का?

प्रतिसाद :
ताई, तह नको. तह लढाई थांबल्यावर होतो. पुरंदरचा, सालबाईचा. झालंच तर पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा. गुन्हेगारांच्या प्रत्यार्पणाचा ‘तह’ झाला, असं आपण म्हणत नाही. हिंदीतला ‘संधि’ही नको. मराठी वाचकाला त्यातून एक तर मौका आठवेल नाहीतर व्याकरण.

प्रतिसाद :
तहाबद्दल सहमत. पण खरी अडचण पुढे आहे. मराठी बघते ती लढाई झाली होती का हे. अमेरिकेची राज्यघटना बघते कुणाला विचारलं हे. तिच्या दुसऱ्या अनुच्छेदानुसार अध्यक्षाने ट्रीटी करायची ती सिनेटचा ‘सल्ला आणि संमती’ घेऊन, आणि हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश बाजूने हवेत. हा उंबरठा किती उंच आहे ते तेव्हाचे अध्यक्ष विल्सन यांना कळलं. १९ मार्च १९२० रोजी व्हर्सायच्या तहाला ४९ मतं बाजूने पडली, ३५ विरोधात. बहुमत असूनही ७ मतं कमी पडली आणि तह बारगळला.

यातल्या ‘सल्ला’ या शब्दाची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ऑगस्ट १७८९ मध्ये पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन स्वतः सिनेटमध्ये गेले होते, दक्षिणेकडच्या मूलनिवासी जमातींशी करायच्या वाटाघाटींबद्दल विचारायला. कागद वाचून दाखवले जात असताना रस्त्यावरच्या घोडागाड्यांच्या आवाजात काही ऐकू येईना, खिडक्या लावून घ्याव्या लागल्या. मग सदस्य म्हणाले, प्रकरण समितीकडे देऊ. वॉशिंग्टन चिडले. दोन दिवसांनी आले, काम उरकलं, आणि असा सल्ला मागायला पुन्हा कधी गेले नाहीत. आज सिनेटपुढे बहुतेक वेळा सही झालेला मसुदाच येतो. म्हणून भाषांतरात नुसतं ‘संमती’ लिहून ‘सल्ला’ गाळू नका. घटनेने काय मागितलं होतं ते त्या शब्दात आहे.

प्रतिसाद :
मग ‘एक्झिक्युटिव्ह अ‍ॅग्रीमेंट’ला ‘कार्यकारी करार’ चालेल? आणि अध्यक्ष असे हवे तेवढे करू शकतो का?

प्रतिसाद :
‘कार्यकारी करार’ रुळलेला आहे, पण सामान्य वाचकाला ‘अध्यक्षांच्या अधिकारातला करार’ लवकर कळतो. असे करार पुष्कळ होतात, पण त्यांना मोकळं रान नाही. १९७२च्या केस कायद्याने ते काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, कळवणं बंधनकारक केलं; तेव्हा मुदत ६० दिवसांची होती. रीड विरुद्ध कव्हर्ट या १९५७च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशाशी केलेल्या कराराने घटनेतले हक्क हिरावता येत नाहीत. परदेशी तळांवरच्या सैनिकांच्या पत्नींवर लष्करी न्यायालयात खटले चालले होते, आणि तसे ते चालवायची मुभा ब्रिटनबरोबरच्या अशाच एका कराराने दिली होती.

तिसरी वाटही आहे: दोन्ही सभागृहांत साध्या बहुमताने कायदा करायचा. १९९३मध्ये नाफ्टाला (उत्तर अमेरिकेतल्या मुक्त व्यापार कराराला) सिनेटमध्ये ६१ विरुद्ध ३८ मतं पडली. ट्रीटी असती तर ६६ लागली असती.

आपल्याकडे परराष्ट्र करार केंद्र सरकार करतं, संसदेची आगाऊ संमती घटनेने मागितलेली नाही. (भूभाग द्यायचा असेल तर घटनादुरुस्ती लागते, हे बेरुबारी प्रकरणात १९६०मध्ये ठरलं.) म्हणून आपलं एका ‘करारा’वर भागत आलं असावं.

आणि एक कळकळीची विनंती. ‘सिनेटने अनुसमर्थन (रॅटिफिकेशन) केलं’ असं छापून येतं, ते चूक आहे. सिनेट फक्त संमती देते, अनुसमर्थन अध्यक्ष करतो. संमती मिळाल्यावरही तो ते न करता थांबू शकतो.

मूळ प्रश्नकर्ती :
मनापासून आभार. वाक्य आता असं केलं आहे: ‘हा करार अध्यक्षांनी स्वतःच्या अधिकारात केला आहे; तो सिनेटच्या सल्ल्याने आणि संमतीने करायच्या करारांपैकी नाही, त्यामुळे दोन तृतीयांश मतांची अट त्याला लागू होत नाही.’ लांबलं आहे खरं, पण संपादकांना सांगेन, एवढी जागा द्याच.