पूर्वी अमेरिकेतला उमेदवार स्वतःची निवड होणाऱ्या अधिवेशनाला का जात नसे?

यावलची शिक्षिका
राम राम. मी यावल तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. अकरावीच्या एका मुलीनं वक्तृत्व स्पर्धेसाठी विषय घेतलाय : अमेरिकेच्या अध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारतानाची भाषणं. घरी केळी आहे. रात्रीची लाइट असली की मोटर चालू करायला तीच उठते, आणि तरीही तयारी अशी की मीच अडले. तिनं विचारलं, "मॅडम, १८६० साली अध्यक्षपदासाठी लिंकनचं नाव शिकागोत पक्षाच्या अधिवेशनात ठरलं, पण ते तर स्प्रिंगफील्डला घरी होते. मग भाषण कुणी केलं?" आमच्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा अध्यक्ष नेहरू स्वतः आले आणि बोलले. तिच्या डोळ्यांपुढे तेच चित्र आहे. तिला काय सांगू?

भुसावळचा निवृत्त गार्ड
मॅडम, तिला सांगा, शिकागोत भाषण झालंच नाही. १९ मे १८६० ला संध्याकाळी पक्षाची माणसं लिंकन यांच्या घरी गेली आणि तुमची निवड झाली म्हणून रीतसर कळवलं. ते चार वाक्यं बोलले. २३ मेला पत्र लिहून होकार दिला. संपलं. पदासाठी आपणहून धावणं तेव्हा शोभत नसे. लग्न ठरल्याचं साऱ्या गावाला ठाऊक असलं, तरी नारळ घेऊन पाहुणे दारात येईपर्यंत नवरदेवानं गप्प बसायचं, तसंच हे.

पुढे या कळवण्याचाच मोठा सोहळा झाला. १९२८ मध्ये हूवर यांची निवड जूनमध्ये कॅन्सस सिटीत झाली आणि स्वीकाराचं भाषण ११ ऑगस्टला स्टॅनफर्डच्या स्टेडियममध्ये!

ही रीत मोडली फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी, २ जुलै १९३२ ला. मंदीनं लोकांच्या हातचं काम गेलेलं. पोलिओमुळे यांच्या पायांना लोखंडी पट्ट्या. तरी निवड झाल्यावर शिकागोच्या अधिवेशनात स्वतः बोलायला ऑल्बनीहून विमानात बसले. वारा समोरून, बफेलो आणि क्लीव्हलँडला इंधनासाठी उतरावं लागलं, शिकागोत प्रतिनिधी ताटकळलेले. पोचल्यावर म्हणाले, मूर्ख परंपरा मोडणं हेच यापुढे आपल्या पक्षाचं काम असू द्या. 'न्यू डील', म्हणजे लोकांना नव्या व्यवस्थेचं वचन, हा शब्द त्याच भाषणातला. सगळे तो शब्द सांगतात, पण मला विचाराल तर तो प्रवास जास्त मोठा. अडचणीतल्या माणसांपुढे आपण स्वतः जाऊन उभं राहायचं असतं, हे त्यांनी शब्दाआधी पायांनी सांगितलं. मुलीनं सुरुवात तिथूनच करावी.

(१९४० ला मात्र ते स्वतःच गेले नाहीत, व्हाइट हाउसमधून रेडिओवर बोलले.)

चोपड्याचा कापूसवाला
राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना सोडू नका, ताई. १५ जुलै १९४८, फिलाडेल्फियात त्यांच्या पक्षाचं अधिवेशन, रात्रीचे दोन. हातात पूर्ण लिहिलेलं भाषण नाही, नुसते मुद्दे. विरोधी रिपब्लिकन पक्षाचं संसदेत बहुमत होतं आणि त्यांनी जाहीरनाम्यात बरीच वचनं दिली होती. ट्रूमन म्हणाले, २६ जुलैला, ज्याला आमच्या मिझुरीत 'शलगम दिवस' म्हणतात, मी संसद बोलावतो. दिलेली वचनं आताच पुरी करून दाखवा. शलगम म्हणजे मुळ्याच्या जातीचा कंद, तो पेरायचा हा दिवस! आपल्याकडे आखाजी म्हटलं की सालदाराचं साल संपलं, नवं लागलं. तारीख सांगावी लागत नाही. शेतकऱ्याच्या पंचांगातली तारीख राष्ट्राध्यक्षाच्या तोंडी आली, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. संसदेचं ते अधिवेशन अकरा दिवस चाललं, हाती फारसं लागलं नाही आणि नोव्हेंबरात ट्रूमन निवडून आले.

यावलची शिक्षिका
दोघांचे मनापासून आभार. तिनं सगळा मसुदा बदलला. १९६० मधलं केनेडींचं 'न्यू फ्रंटियर', म्हणजे 'नवी सीमा', हे भाषण आधी पहिल्या पानावर होतं, ते शेवटी गेलं. आता सुरुवातीला विमान आणि मध्ये शलगम. शलगम कसा दिसतो ते वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं, मी फळ्यावर काढून दाखवला. काल रात्री मोटर चालू करून बांधावर उभी राहून तिनं परंपरा मोडण्याचं ते वाक्य म्हणून पाहिलं. वडील पलीकडच्या टोकाला होते. त्यांनी तिथूनच हात हलवला : ऐकू येत नाही, अजून मोठ्यानं.