अल्बट्रॉस: मूर्ख पक्षी की देवावर हवाला ठेवणारा म्हातारा?
अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याचं जपानी नाव 'आहोदोरी', म्हणजे मूर्ख पक्षी. मला ते नाव फार अन्यायाचं वाटतं. जमिनीवरून त्याला चटकन उडता येत नाही आणि माणूस जवळ आला तरी तो पळत नाही, एवढाच त्याचा गुन्हा. जपानच्या तोरीशिमा बेटावर पिसांसाठी काठ्यांनी बडवून त्याची कत्तल झाली. १९४९ मध्ये तिथली आखूड शेपटीच्या अल्बट्रॉसची जात नामशेष झाली असंच मानलं गेलं, मग १९५१ मध्ये तिथेच थोडे सापडले. चिनी 'शिन-थ्येन-वंग' मात्र सुरेख: देवावर हवाला ठेवून बसलेला म्हातारा. तीच अक्षरं कोरियनमध्ये 'सिनचनोंग' अशी वाचतात. पक्षितज्ज्ञ हिरोशी हासेगावा यांनी 'ओकीनोतायू' हे आदराचं नाव सुचवलंय, तेच रूढ व्हावं.

काळ्या शेपटीचा कुरव म्याव केल्यासारखा ओरडतो, म्हणून जपानीत तो 'उमिनेको', समुद्रमांजर. कोरियन नावातही मांजर आहेच.