शाळेतलं इंटरनेट : तुमच्याकडे प्रत्यक्षात काय घडतं?

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. गेल्या आठवड्यात वर्गातल्या टीव्हीला माझा मोबाईल जोडून मुलांना सुगरणीच्या खोप्याचा व्हिडिओ दाखवत होते. नर पक्षी चोचीने पातं ओवतोय, पोरं श्वास रोखून बघतायत. तेवढ्यात पडद्यावर वरून पट्टी उतरली. आमच्या भावकीच्या ग्रुपवरचा मेसेज. जमिनीच्या वाटणीवरून कुणीतरी कुणाला शिवी दिली होती. पहिल्या बाकावरच्या मुलाने ती खणखणीत आवाजात वाचली. नुकताच वाचायला लागलाय, दिसेल ते वाचतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता वर्गात जुना, सिमकार्ड नसलेला मोबाईल वापरते. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मुलांनी मोबाईल किती बघावा यावर आम्ही पालकसभेत तास तास बोलतो. शाळेत शिक्षकांनी इंटरनेट कसं वापरावं यावर मात्र पाच मिनिटंही कधी बोललो नाही. म्हणून हा धागा. शिक्षक, लेखनिक, पालक, विद्यार्थी, सगळ्यांनी लिहा. शाळेचं आणि मुलांचं नाव मात्र कुणी घालू नका.

* * *

मी पालक, पुण्यातून. मुलगा तेव्हा सहावीत होता. घटक चाचणीचा अख्ख्या वर्गाचा गुणतक्ता फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला गेला. माझ्या मुलाला गणितात 20 पैकी 3. आमच्याच सोसायटीत त्याच्या वर्गातली चार मुलं आहेत. संध्याकाळी तो खाली खेळायला गेला आणि दहा मिनिटांत वर आला. पोरं त्याला 'तीन' म्हणून हाक मारत होती. पुढचा महिनाभर तो खाली उतरला नाही.

बाईंना भेटले. त्या भल्या आहेत, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. म्हणाल्या, "ताई, पालकच घाई करतात हो, मार्क कधी मार्क कधी." तेही खरंच आहे. आता गुण ज्याचे त्यालाच कळवतात. पण आधी एकदाही कुणाच्या मनात कसं आलं नाही, हे मला अजून सलतं.

* * *

नाशिक जिल्ह्यातल्या हायस्कूलमध्ये संगणक शिकवते. लॅबमध्ये 20 संगणक, त्यातले चालू 13. सविस्तर लिहिते, कारण आम्ही खूप चुका करून इथवर आलोय.

सुरुवातीला आम्ही एक फिल्टर बसवून घेतला. ठरावीक शब्द आले की पान उघडायचंच नाही. महिन्याभरात दहावीची मुलं तक्रार घेऊन आली. विज्ञान भाग 2 मध्ये 'सजीवांतील जीवनप्रक्रिया' हा धडा आहे, त्यात मानवी प्रजनन येतं. त्यासाठी काही शोधलं की लाल पाटी. पाठ्यपुस्तकात छापलेला शब्द आमच्या लॅबमध्ये बंद! आणि त्याच दिवशी टायपिंगच्या सरावाच्या एका साध्या साइटवर पैसे लावून खेळायच्या गेमची जाहिरात बिनदिक्कत नाचत होती. फिल्टर काढला नाही, पण त्याच्यावर विसंबून राहणं सोडलं.

मग टेबलं फिरवली. सगळे संगणक भिंतीला लावले, पडदे खोलीच्या आतल्या बाजूला. मधोमध उभं राहिलं की प्रत्येकाचा पडदा दिसतो. यूट्यूबवर रिस्ट्रिक्टेड मोड लावला, म्हणजे मोठ्यांसाठीचे बरेचसे व्हिडिओ लपतात. दाराशी नोंदवही ठेवली : तारीख, संगणक क्रमांक, काय शोधलं. आणि फळ्याच्या वर एकच नियम मोठ्या अक्षरात लिहिला. 'नको ते दिसलं तर मॉनिटर बंद करा आणि हात वर करा. कुणीही रागावणार नाही.'

दोन आठवडे एकही हात वर आला नाही. मुलांचा विश्वासच नव्हता. मग एके दिवशी आठवीतल्या एका मुलीने मॉनिटर बंद केला. हात अर्धाच वर केला, डोळ्यांत पाणी. प्रकल्पासाठी चित्रं शोधताना भलतंच पान उघडलं होतं. मी जवळ गेले, "बरं केलंस गं, सांगितलंस ते" एवढंच म्हणाले, पान बंद केलं आणि वहीत तिच्या हातानेच नोंद करून घेतली. त्याच तासाला आणखी तीन हात वर आले.

* * *

मी आता इंजिनिअरिंगला आहे. दहावीत असताना वर्गातल्या मुलांच्या एका ग्रुपवर आमच्याच वर्गातल्या मुलीचा फोटो कुणीतरी ॲपमध्ये घालून घाणेरडा करून टाकला. आम्ही तीसेक जण होतो त्यात. मी तो पुढे पाठवला नाही, पण गप्प बसलो. याची मला आजही लाज वाटते.

शाळेला कळलं तेव्हा पहिली गोष्ट काय झाली? तिच्या आईवडिलांना बोलावून 'थोडे दिवस घरी ठेवा' असं सांगितलं गेलं. तिची चूक काय होती? आमच्या वर्गशिक्षकांनी मात्र ते मानलं नाही. त्यांनी ग्रुपचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह जपून ठेवायला लावले, तिच्या वडिलांना घेऊन पोलीस ठाण्यात गेले, आणि ती दुसऱ्या दिवशी वर्गात बसेल हे पाहिलं. अल्पवयीन मुलीचा असा फोटो करणं आणि पसरवणं हा आयटी कायद्यात आणि पॉक्सोमध्ये (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात) गुन्हा आहे, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. कुणावर अशी वेळ आली तर 1098 वर मुलांसाठी मदत मिळते, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशा प्रकारांची तक्रार नाव न सांगताही करता येते. सरांनी हे वर्गाच्या दारावर लावलं होतं, ते अजून तिथे आहे म्हणे.

* * *

रत्नागिरीकडचा शिक्षक. 2020 च्या टाळेबंदीत पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी अभ्यासाच्या ॲपवर उघडायला मुलं वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावर जायची, खाली वाडीत रेंज नाही. पावसात, छत्री धरून. योग्य वापर वगैरे बोलताना ही मुलंही डोळ्यांसमोर असू देत. आज शाळेत नेट आहे, पण तास चालू असताना वरच्या ऑफिसातून लिंक येते : 'आजच भरा, जिओटॅग फोटोसह', म्हणजे जागेची नोंद असलेला फोटो. मी माहिती भरत बसतो, मुलं माझ्या तोंडाकडे बघत बसतात. शिक्षक वर्गात मोबाईल बघतो असं लोक म्हणतात, तेव्हा जीव तुटतो.

* * *

माझं माहेर सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं. आमच्या शेजारच्या मोहित्यांचे वडगावात 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. दीड तासाने परत भोंगा. मोठ्यांचाही मोबाईल बंद असतो, म्हणूनच तो चालला असं मला वाटतं.

* * *

मेलबर्नहून लिहितेय. इथे व्हिक्टोरिया राज्यात 2020 पासून सरकारी शाळांत पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत फोन बंद करून लॉकरमध्ये. शाळेचं इंटरनेट कसं वापरायचं याचा करारनामा आम्हाला घरी आला, त्यावर माझी सही आणि लेकीचीही. तिने प्रत्येक ओळ वाचून मला प्रश्न विचारले. फोटोसाठी वेगळा कागद होता : वर्गात लावायला चालेल का, शाळेच्या अंकात चालेल का, इंटरनेटवर चालेल का. मी तिसऱ्याला 'नाही' लिहिलं. कुणी कारण विचारलं नाही.

* * *

पुन्हा मीच, धागा काढणारी. मेलबर्नच्या ताईंचं वाचून आज वर्गात फोटो काढण्याआधी मुलांना विचारलं, "तुमचा फोटो मी मोबाईलवर टाकू का?" सगळे ओरडले हो. एक मुलगी मान हलवून नाही म्हणाली. कारण विचारायला तोंड उघडलं होतं, पण नाही विचारलं. फोटो काढला नाही. कागदावर अनुमतीपत्र करायला घेतलंय, मुख्याध्यापक हो म्हणाले आहेत. आणि माझ्या जुन्या पोस्टमधले मुलांचे चेहरे एकेक करून काढतेय. 2021 पर्यंत आलेय.

तुम्ही लिहीत राहा, मी रात्री वाचते.