मदत हवी आहे : भर उन्हाच्या आणि जोरदार वाऱ्याच्या समोरच्या बागेसाठी काटक विदेशी झाडे

नमस्कार.

घराच्या दर्शनी बाजूची बाग नव्याने लावायची आहे. उष्ण प्रदेशात आल्याचा भास व्हावा, पण झाडे थंडीत तग धरणारी असावीत, अशी अपेक्षा आहे. जागा साधारण आठ मीटर रुंद आणि पाच मीटर खोल असून दक्षिणाभिमुख आहे, त्यामुळे उन्हाळ्यात दिवसभर ऊन मिळते. अडचण आहे ती वाऱ्याची. पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याला कसलाच आडोसा नाही आणि घराच्या कोपऱ्यावरून वळताना त्याचा जोर आणखी वाढतो. हिवाळ्यात काही रात्री तापमान उणे पाच ते सहा अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. पाऊसही प्रामुख्याने हिवाळ्यातच पडतो आणि माती चिकण असल्यामुळे त्या दिवसांत ती बराच काळ ओली राहते.

रोपांबरोबर मिळणाऱ्या माहितीत ते झाड किती अंशांपर्यंतची थंडी सोसते हे हमखास लिहिलेले असते, परंतु वाऱ्यात त्याचे काय होते याविषयी क्वचितच काही सांगितलेले असते. आतापर्यंत वाचलेल्या माहितीवरून मी ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनेई हा पंख्याच्या पानांचा ताड, मुसा बास्जू ही थंडी सोसणारी केळ, डिक्सोनिया हे वृक्षनेचे, कॉर्डिलाइन ऑस्ट्रेलिस आणि एखादे घायपात अशी यादी केली आहे. यातली कोणती झाडे या जागेत केवळ जगणार नाहीत, तर दिसायलाही चांगली राहतील? केंद्रस्थानी एकच उंच झाड ठेवायचे झाल्यास ते कोणते असावे? पश्चिमेला भक्कम भिंत बांधण्याचाही विचार आहे, त्याचा उपयोग होईल का? बाग रस्त्यालगत असून घरात लहान मुले आहेत, हेही लक्षात घ्यावे ही विनंती.

प्रतिसाद

आपण जागेचे वर्णन नेमके केले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. प्रथम यादीतली दोन नावे खोडावीत असे सुचवतो. डिक्सोनिया हे दमट, सावलीच्या रानातले झाड आहे. भर ऊन आणि सुकवणारा वारा एकत्र आले की त्याची पाने कडेने करपतात आणि खोडावर रोज पाणी घालूनही ते रडतखडतच वाढते. मुसा बास्जूचे कंद जमिनीवर जाड आच्छादन घातल्यास आपल्याकडच्या थंडीत सहज टिकतील, पण तिची रुंद पाने पहिल्याच वादळात चिरून लोंबू लागतील. (पान शिरांच्या रेषेत फाटले की वाऱ्याचा दाब कमी होतो, म्हणून केळीच्या दृष्टीने ही सोयच आहे. प्रश्न फक्त पाहणाऱ्याचा आहे.)

वाऱ्यासाठी झाड निवडताना अंशांचा आकडा बाजूला ठेवून आधी पानाकडे पाहावे. अरुंद, चिवट, मेणचट किंवा मुळातच विभागलेले पान वाऱ्याला वाट देते आणि त्यातून पाणीही कमी उडते. हिवाळ्यात हा दुसरा गुण फार महत्त्वाचा ठरतो, कारण जमीन गोठली की मुळांना पाणी ओढता येत नाही, पानांतले पाणी मात्र वारा घेऊन जातच असतो. थंडीने गेले असे आपण म्हणतो त्या सदाहरित झाडांपैकी कित्येक प्रत्यक्षात सुकून गेलेली असतात.

या कसोटीवर आपला ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनेई काठावर पास होतो. थंडीची त्याला अजिबात भीती नाही, पण त्याच्या मोठ्या पंख्यांची टोके मोडतात आणि उघड्या जागेत तो कायम विस्कटलेला दिसतो. त्याचाच आप्त असलेला ट्रॅकीकार्पस वॅग्नेरियानस घ्यावा. त्याची पाने लहान आणि ताठ असतात, वाऱ्यातही त्यांचा आकार टिकतो. वाढ संथ आहे, ही एकच तक्रार. केंद्रस्थानी मी तोच लावीन. लवकर उंची हवी असल्यास मूळ न्यूझीलंडची कॉर्डिलाइन ऑस्ट्रेलिस आहे. समुद्राकाठच्या वाऱ्यातही ती उभी राहते. मात्र साधी हिरवी जातच घ्यावी, कारण जांभळ्या आणि पट्टेरी पानांच्या जाती थंडीला अधिक नाजूक असतात. कडक हिवाळ्यात तिचा शेंडा गेला, तरी बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात, म्हणून झाड उपटण्याची घाई करू नये.

खालच्या थरासाठी भूमध्य समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावरचा ठेंगणा ताड, कॅमेरॉप्स ह्युमिलिस, उत्तम आहे. तो अनेक खोडांचा गुच्छ करतो आणि वाऱ्याला दाद देत नाही, मात्र त्याच्या देठांना काटे असतात, त्यामुळे तो वाटेपासून दूर लावावा. त्याच्या जोडीला फॉर्मियम कुकियानम लावता येईल. त्याची पाने केवड्यासारखी लांब असली तरी मऊ आणि बिनकाट्याची असतात. फॉर्मियम टेनॅक्स अधिक उंच होते आणि पाच मीटर खोल बागेत ते सगळी जागा व्यापून टाकील.

घायपाताविषयी मला दोन कारणांनी शंका वाटते. अगावे अमेरिकाना कोरड्या जमिनीत आपल्याकडची थंडी सोसेल, पण हिवाळाभर ओल्या राहणाऱ्या चिकण मातीत त्याचा गड्डा कुजण्याची शक्यता मोठी आहे. शिवाय पानाच्या टोकाचा काटा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो. त्याऐवजी युक्का फिलामेंटोसा घ्यावी. ती उणे वीस अंशांच्या थंडीतही टिकते, पानांच्या कडांना पांढरे धागे सुटलेले असतात आणि उन्हाळ्यात फुलांचा उंच तुरा येतो. युक्का ग्लोरिओसा मात्र टाळावी, तिची टोके सुरीसारखी धारदार असतात.

भक्कम भिंतीचा विचार सोडून द्यावा. वारा तिच्यावरून उसळतो आणि पलीकडे भोवरे करून खाली आपटतो. सुमारे निम्मी जागा मोकळी असलेला अडसर, म्हणजे फटींचे लाकडी कुंपण किंवा झुडपांची रांग, वाऱ्याचा वेग मोडतो आणि आपल्या उंचीच्या साधारण दहा पट अंतरापर्यंत त्याचा उपयोग होतो. एलिअग्नस किंवा ग्रिसेलिनिया लिटोरालिस यांची दीड मीटर उंचीची रांग आपल्या जागेला पुरेशी आहे.

आणखी एक प्रतिसाद

वरील सल्ल्याशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु निचऱ्यावर अधिक भर द्यायला हवा होता. चिकण मातीत फक्त लागवडीच्या खड्ड्यात खडी भरल्यास त्या खड्ड्यात पाणी साचून राहते. त्याऐवजी भरड खडी आणि कुजलेले खत संपूर्ण वाफ्यात मिसळून जमिनीची पातळी तीस-चाळीस सेंटिमीटर उंच करावी आणि ताड व युक्का त्या उंचवट्यावर लावाव्यात. रोपे लहान घ्यावीत. मोठे झाड आणले की वारा त्याला हलवत राहतो आणि नवी मुळे तुटतात. आधाराची काठी बांधायचीच झाल्यास ती खोडाच्या खालच्या एक तृतीयांश भागापर्यंतच असावी, म्हणजे वरचा भाग डोलतो आणि खोड बळकट होते. लागवड वसंतात करावी.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. भिंत रद्द केली आहे. पश्चिमेला एलिअग्नसची रांग, मध्यभागी उंचवट्यावर वॅग्नेरियानस, त्याच्या पायाशी युक्का फिलामेंटोसा आणि फॉर्मियम कुकियानम, असा आराखडा ठरवतो आहे. एकच शंका उरते. एलिअग्नसची मुळे ताडाच्या वाट्याचे पाणी खाणार नाहीत ना?

प्रतिसाद

दोघांत दोन मीटरचे अंतर ठेवावे आणि पहिले दोन उन्हाळे ताडाला आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे. रोज थोडे-थोडे दिल्यास मुळे वरच्या थरातच राहतात आणि तिथेच एलिअग्नसशी त्यांची स्पर्धा होते.