मदत हवी आहे: चर्चमधलं भांडण घरात आलंय, सासरे एकीकडे आणि भाऊ दुसरीकडे

मधलीसून

सगळ्यांना सलाम. लांब लिहिणार आहे, आधीच सांगते.

आमची मंडळी (म्हणजे आमचं चर्च) नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आहे, सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, आमच्याकडचं कोणीतरी इथे वाचत असणारच. मंडळी लहान, निम्मे एकमेकांचे भाऊबंद आणि निम्मे व्याही. माझे सासरे (मी मामा म्हणते) पास्टरेट कमिटीचे (मंडळीचा कारभार बघणारी कमिटी) खजिनदार, आणि माझा सख्खा धाकटा भाऊ तरुण संघाचा सेक्रेटरी. माहेर सासर दोन्ही एकाच चर्चमध्ये, म्हणजे कळलंच असेल तुम्हाला.

झालं असं की डिसेंबरात पोरांनी नेहमीप्रमाणे कॅरलसाठी घरोघर फेरी काढली, लोक पाकिटं देतात, ते पैसे दरवर्षी नाताळच्या जेवणाला नाहीतर संडेस्कूलच्या बक्षिसांना जातात, यावेळी पोरांनी त्यातून एक सेकंडहॅंड कीबोर्ड आणि स्पीकर घेऊन टाकला. कमिटीला विचारलं नाही. भाऊ म्हणतो पाळकसाहेबांना तोंडी सांगितलं होतं, पाळकसाहेब म्हणतात मला वाटलं भाड्याने आणताय. मामांनी हिशेब मागितला, आणि मागितला कुठे तर मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, रात्री सगळे जेवून मोबाईल घेऊन बसलेले असतात तेव्हा. त्यात एक ओळ अशी होती की देवाच्या पैशाला हात लावताना भीती वाटायला पाहिजे. भावाने तिथेच उत्तर टाकलं, आम्ही चोर नाही, आणि हंगाम सणाच्या लिलावाचा (सुगीच्या सणाला लोक देवाला वाहतात त्या वस्तूंचा) हिशेब आजपर्यंत कुणी बघितलाय का ते पण सांगा. मग काय, एकाने अंगठा दिला, एकाने बायबलचं वचन टाकलं, एकाने वचनावर वचन टाकलं, दोन जण ग्रुप सोडून गेले.

आता कीबोर्ड राहिला बाजूला आणि गाण्यांवरून चाललंय. मामांच्या बाजूचे म्हणतात उपासना संगीत (आमचं जुनं गीतांचं पुस्तक) आणि पेटी तबला सोडून देवळात, म्हणजे चर्चमध्ये, काही वाजणार नाही. पोरं म्हणतात मग आम्ही कशाला यायचं, काही तर बाजारपेठेतल्या एका नव्या फेलोशिपमध्ये जायला लागलीत. प्रभुभोजनाच्या रविवारी माझा भाऊ बाहेर मोटरसायकलवर बसून राहतो. उपासनेत एकमेकांना शांती असो म्हणून हात देतात ना, तेव्हा मामा बरोब्बर गीतांचं पुस्तक चाळायला लागतात. आई फोनवर रडते, मिस्टर म्हणतात तू मध्ये पडू नकोस, आणि स्वयंपाक करताना दोन्हीकडचं मलाच ऐकावं लागतं.

लेंट (इस्टरआधीचा उपवासकाळ) चालू आहे, इस्टर जवळ आलाय, त्यानंतर वार्षिक सभा आहे आणि कोणीतरी धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करायची भाषा करतंय. असं भांडण खरंच निवलेलं कोणी बघितलंय का? आधी कुणाशी बोलू, भावाशी की मामांशी? की मी बोलूच नये? कृपया नुसतं प्रार्थना करा असं लिहू नका, ती करतेच आहे.

विश्वासाची_वाट

ताई प्रार्थना करा. सैतानाला मंडळीत फूट पाडायची असते. तुमच्यासाठी प्रार्थनेत आठवण ठेवतो.

मधलीसून

धन्यवाद दादा. (शेवटची ओळ वाचली नाहीत वाटतं 😅)

जुना_खजिनदार

मी आमच्या मंडळीत बरीच वर्षं खजिनदार होतो, मराठवाड्यात. तुमच्या मामांची बाजू कोणी मांडणार नाही म्हणून मी मांडतो. खजिनदाराला ऑडिटच्या वेळी सीएच्या समोर बसावं लागतं, पब्लिक ट्रस्ट आहे, हिशेब तपासून द्यावाच लागतो, आणि मंडळीच्या नावाने जमा झालेले पैसे पुस्तकात नसले की मान त्याची अडकते, पोरांची नाही. तो माणूस चिडतो त्यामागे अर्धी भीतीच असते. पण ग्रुपवर मागितला हे चुकलंच, शंभर टक्के.

उपाय सांगतो, सोपा आहे. तुमच्या भावाला सांगा एका कागदावर जमा किती, कीबोर्ड किती, स्पीकर किती, पोरांचा चहा नाश्ता किती, शिल्लक किती, खाली तरुण संघाच्या दोघांच्या सह्या, मागे विक्रेत्याकडून लिहून घेतलेली पावती. सेकंडहॅंडला बिल नसतं, तरी साध्या कागदावर लिहून मिळतं. तो कागद ग्रुपवर नाही, मामांच्या हातात. आणि मामांनी त्याची पोच द्यायची. पैशाचं भांडण हे बायबल उघडून मिटत नाही, वही उघडून मिटतं. वही बंद ठेवून जे काय वचन टाकाल ते समोरच्याला दगडासारखंच लागणार.

अंत्युखियाकर

जुना_खजिनदार यांच्याशी सहमत, फक्त बायबल उघडून मिटत नाही याला माझा विरोध आहे, कारण बायबलमध्येच हे असं मिटवलेलं आहे. प्रेषितांची कृत्ये अध्याय ६ काढा. यरुशलेमची पहिली मंडळी, पेन्टेकॉस्टला (शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो दिवस) फार काळ लोटलेला नाही, आणि कुरकूर सुरू झाली की रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना डावललं जातंय. म्हणजे पैसे आणि जेवण, आणि त्याच्या खाली आपले विरुद्ध त्यांचे. अगदी तुमच्यासारखंच.

बारा जणांनी काय केलं बघा. कुरकूर करू नका, तुम्हाला विश्वास कमी आहे असं म्हणाले नाहीत. सगळ्यांना बोलावलं, सात माणसं निवडायला सांगितलं, आणि वाटप त्यांच्या हातात दिलं. त्या सातांची नावं वाचा, स्तेफन, फिलिप्प, पुढचीही, सगळी ग्रीक नावं. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातली वाटतात ती. म्हणून मला वाटतं पुढच्या कॅरलच्या पैशाला दोघांच्या सह्या लागतील अशी सोय करा, एक कमिटीचा आणि एक तरुण संघाचा.

दुसरं, मत्तय १८:१५ ते १७. आधी एकट्याने जाऊन एकांतात सांग, ऐकलं नाही तर एक दोघांना घेऊन जा, तरी नाही तर मंडळीला सांग. व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे मंडळीला सांग ही तिसरी पायरी, आणि आपण सगळे (मी पण) पहिल्याच फटक्यात तिसऱ्या पायरीवर उडी मारतो. आधी कुणी जायचं हा तुमचा प्रश्न होता. मत्तय ५:२३ मध्ये म्हटलंय तुझ्याविरुद्ध भावाच्या मनात काही असेल तर तू जा, आणि १८ मध्ये भावाने तुझा अपराध केला तरी तूच जा. म्हणजे मामांनी पण निघायचं आणि भावाने पण. तुम्ही मध्ये निरोप पोचवू नका, फक्त दोघांना घरातून बाहेर काढा.

जिवंतपाणी_फेलोशिप

सिस्टर, जिथे आत्मा नाही तिथे अशीच भांडणं चालणार. पौल आणि बर्णबा पण वेगळे झालेच की. आमच्याकडे दर रविवारी सकाळी १० वाजता मराठी हिंदी वर्शिप असते, फुल बॅंड आहे, भावाला घेऊन या.

अंत्युखियाकर

वेगळे झाले हे खरं, कृत्ये १५, मार्कला बरोबर न्यायचं की नाही यावरून, आणि कृत्ये लिहिणाऱ्या लूकने ते लपवलं पण नाही. पण बर्णबा मार्कला घेऊन कुप्रला गेला आणि पौल सीलाला घेऊन सूरिया आणि किलिकियाला. दोघं कामाला गेले, एकमेकांच्या मंडळीची पोरं पळवायला नाही. आणि त्याच मार्कला पुढे पौलाने स्वतः बोलावून घेतलंय, २ तीमथ्य ४:११.

जिवंतपाणी_फेलोशिप

गॉड ब्लेस.

वसईची_माय

आम्ही कॅथलिक, पण चर्चमधलं भांडण ते चर्चमधलंच 😄 आमच्या पॅरिशमध्ये सणाच्या मंडपावरून दोन गट पडले होते, फादरांनी प्रवचनातून दोन तीनदा सुनावलं, उलट झालं, प्रत्येकाला वाटलं आपल्यालाच बोलले (नाहीतर समोरच्याला बोलले म्हणून खूश). शेवटी फादर एकेकाच्या घरी जेवायला गेले, विषय काढला नाही, पहिल्यांदा नुसतं ऐकून घेतलं. तुमच्या पाळकसाहेबांनी यात काय केलं ते तुम्ही लिहिलंच नाही. तोंडी परवानगी दिली असेल तर त्यांनी तसं सांगायला हवं ना, निम्मा ताप तिथेच उतरेल. पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी असतो तेव्हा दोघांना पुढे बोलवायचं का? सुचलं म्हणून लिहिलं.

मधलीसून

वसईची_माय, पाय धुवायचं नको बाई, मामा पाय पुढे करतील पण बोलायचे नाहीत, आणि पुढचं वर्षभर लोक म्हणतील अमक्याला वाकायला लावलं. पाळकसाहेबांचं तुमचं बरोबर आहे. त्यांची बदली जवळ आलीय, त्यांना कुणालाच दुखवायचं नाहीये. पाळकबाई (त्यांच्या मिसेस) मात्र हुशार आहेत, त्यांच्याशी बोलू का?

निवृत्त_बाई

बोल ना, लगेच बोल. आमच्या वेळी निम्मी भांडणं पाळकबाईंच्या स्वयंपाकघरात मिटायची, मिनिटबुकात त्याची नोंद नसते एवढंच.

मी नगरचीच, आयुष्य शाळेत गेलं. गाण्याबद्दल बोलते. तुझ्या मामांना पेटी तबला म्हणजे अगदी पहिल्यापासूनचं वाटत असेल. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ ला सुरू झालं, तेव्हा पेटीवर भजनं नव्हती, साहेबांच्या चाली होत्या आणि त्यात मराठी शब्द कसेबसे बसवलेले. आपल्या चालीतली पदं, अभंग, कीर्तन हे कृष्णराव सांगळे, मग रेव्हरंड नारायण वामन टिळक (कवी, लोकमान्य नव्हेत), अशा माणसांनी रुजवलं. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. म्हणजे आज जे जुनं म्हणून जपतोय ते कुणाच्या तरी आजोबांना नवंच होतं. हे मामांना तू सांगू नकोस मात्र, सुनेने इतिहास शिकवलेला कुठल्या सासऱ्याला आवडतो. पोरांनाच सांग की उपासना संगीतातलं टिळकांचं एखादं भजन कीबोर्डवर नीट बसवा, मूळ चालीत, फालतू बीट न लावता. आणि तबला मामांच्या गटातल्याच माणसाला धरायला लावा.

आणि टिळकांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं, वाचलं असशीलच. नवरा ख्रिस्ती झाला आणि बाई काही वर्षं वेगळी राहिली, घर दुभंगलं होतं, तिचा बाप्तिस्मा १९०० साली. तिला कुणी वाद घालून जिंकलं नाही. वेळ लागला.

आमच्याकडे म्हातारी माणसं अजून अमका एसपीजीवाला (ती इंग्रजांची अँग्लिकन मिशन), तमका अमेरिकन मिशनवाला असं म्हणतात, सीएनआय होऊन १९७० पासून इतकी वर्षं झाली तरी. नागपूरला सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एक झाल्या त्या कागदावर, गावागावात अजून होतायत. तुझ्या भांडणात असलं काही जुनं आहे का ते बघ, बऱ्याचदा कीबोर्ड हे निमित्त असतं.

गोदाकाठ

मला एक वेगळंच म्हणायचंय. आमच्या मंडळीत शांती राखा शांती राखा करत एक खरोखरची पैशाची भानगड दाबली गेली, ज्या ताईने विचारलं तिलाच भांडखोर ठरवलं. रोमकरांस १२:१८ ला शक्य असेल तर असं लिहिलंय, म्हणजे कधीकधी शक्य नसतं हे पौलालाही माहीत होतं, आणि त्याने स्वतः अंत्युखियात पेत्राला तोंडावर सुनावलंय (गलतीकरांस २:११). तुमच्या भावाने लिलावाचा हिशेब विचारला तो रागात विचारला, पण प्रश्न चुकीचा आहे का? त्याचं पण उत्तर यायला पाहिजे. नाहीतर एकाचाच कागद मागितला असं होईल.

जुना_खजिनदार

गोदाकाठ, मान्य. लिलावाचा पण कागद हवा. खजिनदार नीट असेल तर त्याच्याकडे तो असतोच.

मधलीसून

अपडेट देते. पाळकबाईंकडे गेले. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि पाळकसाहेबांना माझ्यासमोरच विचारलं, तुम्ही त्या पोराला हो म्हणाला होता की नाही. ते म्हणाले, हो म्हणालो असेन. मग ते स्वतः मामांकडे आले, संध्याकाळी, आणि माझ्याकडून परवानगीचा घोळ झाला असं सांगितलं. मामा काही बोलले नाहीत पण चहा दोनदा सांगितला.

निवृत्त_बाई, तुम्ही म्हणालात तसं जुनं निघालंच. भावाच्या सासऱ्यांना कमिटीच्या इलेक्शनमध्ये मामांनी मत दिलं नव्हतं म्हणे. हे मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नव्हतं!

भाऊ कागद घेऊन आला, सह्या करून. मामांनी चष्मा लावून सगळी बेरीज तपासली, एका जागी पोरांनी स्वतःच्या खिशातून घातलेले पैसे निघाले, म्हणजे मंडळीच त्यांचं देणं लागते. मग मामा आत गेले आणि लिलावाची वही आणून त्याच्यापुढे ठेवली, बघ म्हणाले. भावाने बघितली पण. सॉरी बिरी कोणीच म्हटलं नाही. गाण्याचा विषय अजून तसाच आहे, ग्रुपवर पण अजून धुसफूस चालूच आहे, अर्ज करणारे काका तर कुणाचंच ऐकत नाहीत.

आता मामांचा प्रश्न असा की कीबोर्ड नक्की कुणाचा, तरुण संघाचा की चर्चचा? हे ठरल्याशिवाय इस्टरच्या पहाटेच्या उपासनेत तो वाजू देणार नाही म्हणतात. जुना_खजिनदार काका, काय सांगू?

जुना_खजिनदार

चर्चचा. तरुण संघ मंडळीचाच भाग आहे आणि पैसे मंडळीच्या नावाने जमले. पुढच्या मीटिंगमध्ये खरेदीला मागाहून मंजुरीचा ठराव घ्या, डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंची नोंदवही) दोन्ही वस्तू चढवा, वापर आणि देखभाल तरुण संघाकडे असं शेऱ्याच्या रकान्यात लिहा. पोरांच्या खिशातले पैसे व्हाउचर करून परत द्या, ते देणगी म्हणून सोडतो म्हणाले तर त्याची पावती फाडा. मीटिंग इस्टरच्या आधी घ्या म्हणावं. आणि अर्जवाल्या काकांना दोन्ही कागदांची झेरॉक्स द्या, मागायच्या आधी.

निवृत्त_बाई

आणि तबल्याचं विसरू नकोस.